रोजीचे दिवस, दुखण्याचे दिवस

झाडीपट्टीतल्या मजुराच्या घरी पैसा एक तारखेला येत नाही, हंगामानं येतो. आषाढ-श्रावणात रोवणा, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी आणि मग चुरणा म्हणजे मळणी, पौष-माघापासून तेलंगणात मिरचीची तोडणी, चैत्रात मोहफुलं, वैशाखात तेंदूपत्ता. मधल्या दिवसांत रोजगार हमीचं काम निघालं तर निघालं, नाहीतर घरीच. या हंगामांत जे हाती लागेल त्यावर वर्ष काढायचं असतं.

मला सिकलसेल आहे, एसएस प्रकारचा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. माझ्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथं अडकतात तिथं अशा कळा उठतात की माणूस जमिनीवर लोळतो. गारठा, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम आणि ताप ही त्याची मुख्य कारणं. आता ही कारणं आमच्या हंगामांशेजारी मांडून बघा. रोवण्यात दिवसभर पावसात भिजत, घोट्याच्या वर पाण्यात, वाकून राहायचं. तेंदूपत्त्यात वैशाखाचं ऊन अंगातलं सगळं पाणी शोषून घेतं. मिरचीला गेलं की शेतातल्या पालात थंडीच्या रात्री काढायच्या. ज्या दिवसांत चार पैसे मिळतात, नेमक्या त्याच दिवसांत अंग दगा देतं. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात, सासर वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. दोन्हीकडे हेच आहे. माझ्यासारखी माणसं दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. हे लिहिणं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

रोवण्याचं काम आमच्याकडे बाया बहुधा गटानं, हुंड्यानं घेतात. अमुक एकर बांधी रोवून द्यायची, तिचे अमुक पैसे, आणि मिळालेले पैसे सगळ्यांत सारखे वाटून घ्यायचे. एका रांगेत उभं राहून मागे मागे सरकत पऱ्हे लावत जायचे. रांग म्हणजे रांग. एकीचा हात मंदावला की तिच्यासमोर मोकळी जागा दिसायला लागते आणि शेजारणीला दोघींचं रोवावं लागतं. माझ्या कळा नेहमी नडग्यांतून सुरू होतात. आधी वाटतं, पाण्यानं पाय बधिरले. मग हाडाच्या आत कोणी काही पिळतंय असं वाटतं, आणि तासाभरात तीच कळ कमरेपर्यंत चढते. बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली, हातातली जुडी सुटत नाही, आणि सरळ उभं राहावं तर पाय धरत नाहीत. अशा वेळी बाजूची बाई रागानं बघते. तिचंही चुकत नाही, तिची रोजी माझ्या हातावर अवलंबून असते. पण पुढच्या वर्षी गट जमवताना आपलं नाव कोणी घेत नाही. कमी मजुरीच्या कामातूनही माणूस बाहेर पडतो तो असा, कोणी न काढता.

लहानपणापासून माझ्या दुखण्याला घरचे वात म्हणायचे. बाजाराच्या गावी एक खाजगी डॉक्टर होते. कळा उठल्या की बैलगाडीनं, पुढे मोटारसायकलवर मधे बसवून तिथं न्यायचे. तिथं सलाईन लागायची, कमरेत इंजेक्शन मिळायचं, संध्याकाळी घरी. एका सलाईनला दोघांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे जायचे. सलाईननं बरं वाटायचंच, कारण या आजारात अंगाला पाणी हवंच असतं. म्हणून तर कोणाला पुढे विचारावंसं वाटलं नाही. रक्ताची तपासणी मात्र तिथं कधी झाली नाही. ती झाली लग्नानंतर, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पहिल्या बाळंतपणाच्या नोंदणीच्या वेळी. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी, ती सकारात्मक आली म्हणून जिल्हा रुग्णालयात पक्की तपासणी, आणि मग कार्डावर दोन अक्षरं. एवढी वर्षं वात म्हणून सोसलेल्या दुखण्याला त्या दिवशी नाव मिळालं.

त्या खाजगी उपचारांनी पैसा गेलाच, पण त्याहून मोठं नुकसान माझ्या लक्षात पुढे आलं: त्या सगळ्या वर्षांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. ना चिठ्ठी, ना पावती, ना भरती झाल्याची नोंद. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेले तेव्हा हे कळलं. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. पण रोग आहे म्हणून टक्केवारी आपोआप मिळत नाही. किती वेळा कळांनी भरती व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं, हाडांना, अवयवांना काय इजा झाली, हे बघून ती ठरते, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे सुरू होतात. घरात लोळून काढलेली रात्र आणि बिनपावतीची सलाईन त्यात कुठंच दिसत नाही. म्हणून कोणी विचारलं की मी पहिली गोष्ट हीच सांगते: कळा आल्या की सरकारी दवाखान्यात जा, आणि येताना कागद घेऊन या. डिस्चार्ज कार्ड, रक्ताच्या पिशवीची नोंद, एक्स-रे, हिमोग्लोबिनची चिठ्ठी, सगळं. माझे कागद युरियाच्या धुतलेल्या गोणीत, त्याच्या आत प्लास्टिकमध्ये, आड्याला टांगलेले असतात. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तरी ते भिजत नाहीत, आणि एकशे आठची गाडी आली की गोणी तशीच उचलता येते.

सरकारी दवाखान्याबद्दल लोकांच्या मनात राग आहे, आणि तो काही उगाच नाही. तिथं थांबावं लागतं, कधी डॉक्टर नसतात, कधी गोळी नसते. तरी मी तिथंच जा म्हणते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे उपकेंद्रापासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं हा निर्णय तसाच लागू नाही, हे नागपूरला मेडिकलला जाण्याआधी माहीत असलेलं बरं. सिकलसेलच्या रुग्णाला रक्तपेढीतून रक्त विनामूल्य मिळायचं असतं. त्यासाठी सिकलसेलचं कार्ड जवळ हवं. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घेतलं की उपचारासाठी एसटीच्या साध्या बसचा प्रवासही मोफत होतो. एसटीत बाईला अर्धं तिकीट तर मार्च २०२३ पासून सगळीकडेच आहे, पण पुरुष रुग्णांनी, लहान मुलांच्या आईबापांनी ही सिकलसेलची सवलत विसरू नये.

आणि तरीही पैसा लागतोच. आजार एकाचा असतो, मजुरी दोघांची बुडते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. मी आठवडाभर भरती असले आणि नवरा सोबतीला बसला तर या दरानं चार हजारांच्या वर गेलेच. त्यात सोबत्याचं दोन वेळचं बाहेरचं जेवण, घरी राहिलेल्या लेकरांसाठी शेजारी दिलेले तांदूळ, रोवण्याच्या दिवसांत वेळेवर न झालेलं स्वतःच्या बांधीचं काम. मोफत उपचारानं यातलं काहीच भरून येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना ते लागू आहे. पण ते भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी. रोजची गोळी, तपासणीच्या खेपा, बुडालेली रोजी त्यात नाही. रुग्णालयात आधी योजनेच्या आरोग्यमित्राला शोधायचं, तो नसेल तर १५५३८८ वर फोन करायचा, आणि पैसे भरण्यापूर्वी विचारायचं, भरल्यावर नाही.

कर्ज घरात शिरतं ते याच फटीतून. माझा डावा खुबा दुखायला लागला तेव्हा घरच्यांनी घाबरून मला नागपूरला एका खाजगी रुग्णालयात नेलं. त्यासाठी गावातल्या गटात बसून फायनान्सचं, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचं, कर्ज घेतलं. तपासण्या झाल्या, खुब्याच्या हाडाला रक्त कमी पोहोचतं असं निदान झालं, जे सिकलसेलमध्ये पुष्कळांना होतं, आणि जडकाम बंद करा असा सल्ला मिळाला. सल्ला बरोबर होता. पण हप्ता त्याच आठवड्यापासून सुरू झाला, आणि जडकाम बंद केलं तर तो भरायचा कशातून? हप्ता भरायला मी त्या वर्षी तेंदूपत्त्याला गेले, आणि उन्हानं पुन्हा भरती झाले. मग दुसऱ्या फायनान्सचं कर्ज काढून पहिल्याचे हप्ते भरले. गटातल्या इतर बायांनी दोनदा माझा हप्ता वर्गणी काढून भरला, त्याचं ओझं मला कर्जाहून जड वाटलं.

फायनान्सच्या कर्जाबद्दल काही गोष्टी आमच्या बायांना कोणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिते. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा आहे की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. त्याहून जास्त होत असेल तर कंपनीनं नवं कर्ज द्यायलाच नको. या कर्जाला तारण मागता येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही, शिवीगाळ, धमकी करता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. पासबुकावर कंपनीचा तक्रारीचा नंबर असायलाच हवा. तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ आहे. हप्ता थकणार असं दिसलं की लपून न बसता आजारपणाचे कागद घेऊन शाखेत जायचं आणि हप्ते पुढे ढकलून, लहान करून मागायचे. आम्ही तसं केलं. सगळं मान्य झालं नाही, काही झालं.

सावकाराची गोष्ट आणखी वाईट. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सावकारी कर्ज फेडायला मूत्रपिंड विकल्याची बातमी आली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मी ती बातमी वाचून रात्रभर झोपू शकले नाही, कारण दवाखान्यासाठी उचललेले पैसे कसे फुगत जातात ते मला माहीत आहे. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. कर्जापायी बेकायदा बळकावलेली जमीन, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर, परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कोरा कागद, कोरा धनादेश, सातबारा, एटीएम कार्ड यांतलं काहीही कोणाच्या हाती देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

पेन्शनचं सांगते, कारण त्यात दलालांचा सुळसुळाट आहे. संजय गांधी निराधार योजनेत सिकलसेलचा रुग्ण बसतो. २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २५०० झाली. अर्ज तहसीलला. कोणाला 'साहेबांचे' म्हणून हजार-दोन हजार द्यायची गरज नाही. अडचण येते ती उत्पन्नाच्या दाखल्याला. सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाची वर्षाला २१,००० रुपयांची. हिशेब करून बघा: एका माणसानं रोजगार हमीवर १०० दिवस काम केलं तर वरच्या ३१२ च्या दरानं ३१,२०० होतात. म्हणजे सरकारी कामावर सरकारी दरानं शंभर दिवस राबलेलं घर सरकारच्याच लेखी निराधार उरत नाही. ही मर्यादा बदलायला हवी, हे मी ठामपणे म्हणते. तोवर उपाय एकच. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे, म्हणून आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, मग अर्ज, असा क्रम ठेवा. लाडकी बहीणचे पैसे घेणाऱ्या बाईनं हेही लक्षात घ्यावं की दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणचे बंद होतात. नंतर वसुलीची भीती मनात ठेवण्यापेक्षा कोणतं जास्त टिकाऊ आहे ते बघून आधीच ठरवलेलं चांगलं.

रोजगार हमीतही आजारी माणसाला जागा आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. कामाची मागणी नमुना ४ वर लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. दिव्यांग मजुराला झेपेल असं काम, जसं पाणी पाजणं किंवा कामावरची लेकरं सांभाळणं, मागता येतं. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी असायलाच हवी. मला हे काम मिळालं ते ग्रामसभेत उभं राहून मागितल्यावर.

माझा धाकटा भाऊ चंद्रपूरकडे एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. त्यालाही सिकलसेल. दर महिन्याला पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जायचे, पण त्याला नंबरच दिलेला नव्हता. कळा आल्या की तो बिनपगारी घरी. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम घरबसल्या मिळते. कंत्राटदारानं दिलं नाही तर मुख्य मालकाकडे आणि ईएसआयच्या कार्यालयात विचारायचं. भाऊ गेला, नंबर निघाला. पगाराची चिठ्ठी मागण्यात लाज कसली? ती आपल्या घामाची नोंद आहे.

आता अंगाकडे. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल सरकारी दवाखान्यात मिळते. ती रोज घेतली तर कळांचे झटके पुष्कळ कमी होतात, पण तिचा गुण यायला काही महिने लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. महिनाभरात फरक पडला नाही म्हणून सोडणारे मी कितीतरी बघितले. बरं वाटायला लागलं म्हणून सोडणारेही. बाळ हवं असेल, दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, ती तेव्हा चालत नाही. फॉलिक ॲसिड रोज. दुखण्यावरच्या गोळ्या दुकानातून आणून आठवडे-आठवडे खाऊ नयेत, किडनीवर जातात. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, लघवी किंवा डोळे एकदम गडद पिवळे झाले, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा आला, बोलण्यात किंवा हातापायांत अचानक दुबळेपणा आला, तर सकाळची वाट बघायची नाही. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया आधी तपासायचा, आणि आमच्यासारख्यांना मलेरिया जास्त धोक्याचा असतो. मच्छरदाणी हिवाळ्यातही लावा.

हंगामाशी कसं जुळवून घ्यायचं ते बायांनी एकमेकींना सांगायला हवं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरात कामं दोन असतात. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडणं, आणि दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं. ज्याला हा आजार आहे त्यानं तोडायला जाऊ नये, पुडे बांधावेत. पैसा शेवटी पुड्यांचाच मिळतो. आमच्या घरी आता नवरा आणि दीर तोडतात, तेही चारजणांच्या सोबतीनं, कारण वाघ पहाटेच फिरतो. मी आणि सासूबाई बांधतो. माझ्याजवळ मोठा लोटा भरलेला असतो, आंबील असते, आणि तहान लागायच्या आत प्यायचं हे लेकरंसुद्धा आठवण करून देतात. रोवण्याला मी गटातल्या बायांना आजार काय आहे ते उघड सांगितलं. पाण्यात उतरायचं नाही, गटाचा स्वयंपाक आणि लेकरं मी बघेन, हिस्सा थोडा कमी द्या. दोन गटांनी नाही म्हटलं, एकानं हो. मिरचीला जाणाऱ्यांनी गोळ्या दोन महिन्यांच्या मागून न्याव्यात, कार्डाची झेरॉक्स वेगळी ठेवावी. रेशन तेलंगणातही उचलता येतं. आयुष्मान कार्ड असेल तर ते परराज्यातल्या रुग्णालयातही चालतं.

हे उघड सांगणंच आमच्याकडे सगळ्यात अवघड. बाया दुखणं अंगावर काढतात, हे गडचिरोलीनंच जगाला दाखवलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हा ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात आठच होत्या. आज आशाताई दारात येतात, तरी सिकलसेलचं नाव घरात घेऊ देत नाहीत. पोरीचं लग्न मोडेल ही भीती. माझ्या माहेरीही हीच भीती होती. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना मी नीट समजावते. एएस म्हणजे वाहक, तो आजारी नसतो, त्यानं कोणाशीही लाजून वागायचं कारण नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. माझ्यासारखी एसएस असलेली बाई आणि वाहक नवरा असेल तर ५० टक्के. माझ्या नवऱ्याचं रक्त साधं आहे, म्हणून माझी दोन्ही लेकरं वाहक आहेत, आजारी नाहीत. दोघंही वाहक असूनही लग्न करायचं असेल तर करा, पण दिवस राहताच पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांकडे जा. पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते.

हा देवाचा कोप नाही, कुळाचा दोषही नाही. ज्या जंगलात हजारो वर्षं मलेरिया होता तिथं वाहक माणसं मलेरियातून जास्त वाचली, आणि म्हणून हा गुण टिकून राहिला. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे १९५४ मध्ये दाखवलं. भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत सापडला. आमच्याकडे गोंड-माडियांत आहे, तसा बौद्ध, तेली, कुणबी घरांतही आहे. सासूबाईंना हे समजलं तेव्हापासून त्या माझ्या कळांना बाहेरची बाधा म्हणायच्या थांबल्या. त्यांनीच मग शेजारच्या सुनेला तपासायला नेलं.

सोबत्याच्या जेवणाचा आणि बुडालेल्या रोजीचा प्रश्न मात्र एकट्या घरानं सुटत नाही. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखानं सामूहिक वनहक्क मिळवून बांबू स्वतः विकला. पुढे कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के निधी थेट येतो, आणि आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या विषयांतला एक आहे. गावातला कोणीही दवाखान्यात भरती झाला तर सोबत्याला रोज जेवणापुरते पैसे ग्रामसभेनं द्यावेत, नोंद आशाताईंनी ठेवावी आणि हिशेब सभेत वाचावा, असा विषय मी लेखी दिला आहे. दोघा-तिघांनी विचारलं, खर्रा-दारूत पैसे उडवणाऱ्यालाही द्यायचे का? मी म्हटलं, त्याच्या बायकोच्या हातात द्या. विषय अजून मंजूर झालेला नाही. तेंदूपत्त्याचे पैसे जमा झाले की सभा बसेल, तेव्हा तो पुन्हा येईल. तोवर प्रत्येक घराची कागदाची पिशवी तपासायला मी आणि आशाताई संध्याकाळी फिरतो आहोत.